उजव्या चाकाकडचा माणूस

सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढलेल्या माणसाशी संसार केला की संशय हा घरातलाच होऊन जातो. आमचे हे निवृत्त झाल्यावर मोठी दुर्बीण दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवून बेंगळुरूभोवतीच्या शाळांत मुलांना आकाश दाखवत फिरायला लागले. मलाही ओढलं. दर अर्ध्या तासाने गाडी थांबायची. ट्रेलरचा टायर चालवणाऱ्याला जाणवत नाही, हवा कमी झाली की गुपचूप तापतो आणि फुटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते उतरून उजव्या टायरला पालथा हात लावायचे, मी डाव्याला, आणि मग दोन बाजूंनी ओरडून एकमेकांना सांगायचं. मी म्हणायचे, टायरचा ताप बघता, माझ्या कपाळाला कधी हात लावलात का? ते नुसते हसायचे. हसणं मात्र गोड होतं त्यांचं.

ते गेले त्याला दोन वर्षं झाली. मी एकटीच जाते. पुण्याची मुलगी म्हणते, आई, या वयात हायवेवर कशाला, विकून टाक ट्रेलर. मी बधत नाही म्हटल्यावर तिने दोन्ही टायरना सेन्सर बसवून दिले. हवा कमी झाली की गाडीतला छोटा स्क्रीन कोकलतो. वर दमही भरला, की एकदा जरी काही झालं तरी ट्रेलर विकायचा.

गेल्या महिन्यात चामराजपेटच्या टायरवाल्या अण्णांनी झीज सारखी व्हावी म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवून दिलं. मी कानडीत सरी, सरी, म्हणजे बरं, बरं करत निघाले. इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडली तोच स्क्रीन कोकलला, डावं चाक, हवा कमी. गाडी कडेला घेतली. डाव्याला हात लावला तर जेमतेम कोमट. लाथ घालून पाहिली, टणक. यंत्रच खुळं म्हटलं, आणि सवयीने ओरडले,

"डावं ठीक आहे हो! तुमचं?"

आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. खरंच उभी राहिले. ट्रक जात होते. पलीकडून कुणी बोलेना, तेव्हा वळसा घालून गेले, हात लावला आणि चटका बसला. चाकांबरोबर सेन्सरही इकडचे तिकडे गेले होते, हे ना अण्णांना सुचलं, ना मला. आणखी थोडी पुढे गेले असते तर टायर फुटलाच होता.

पंक्चरवाल्याने स्टेपनी चढवून दिली. मुलीला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, झालं ना, आता विकायचा. मी नाही म्हणाले. चिडली. चिडू दे.

तिला काय सांगू? मला त्यांची फार आठवण येते. घरात हाक मारली तर समोर रिकामी खुर्ची असते. ट्रेलरच्या डाव्या बाजूला उभं राहिलं की ते दिसत नाहीत, पण तिथून ते पूर्वीही दिसायचे नाहीत.