हत्तीखान्यात, खोडरबराशिवाय

मला जुन्या प्राणिसंग्रहालयांच्या इमारती काढायचा नाद आहे. प्राणी नाहीत हं, त्यांची घरं! सिंहघराच्या कमानी, अस्वलाचा खड्डा, गजांचे दरवाजे. शिकवते गणित, बीडच्या एका क्लासमध्ये. चित्रं फक्त रविवारी. पण एक गोम आहे. मागे कुणी येऊन उभं राहिलं, की माझी वही मिटते. गेल्या हिवाळ्यात परगावी एक सिंहघर निम्मं झालं होतं, मागून कुणीतरी "छान हं" म्हणालं आणि मी चक्क पळाले. छान म्हणालं तरी! तेव्हापासून आमच्या ह्यांचं एकच टुमणं, "एक तरी चित्र तिथंच बसून पुरं कर, नाहीतर ते रंग भाचीला देऊन टाक." मला ते पटलं होतं, हेच दुःख.

आता बीड जिल्ह्यात कुठलं आलंय जुनं सिंहघर! पण अंबाजोगाईला हत्तीखाना आहे की. खडकात कोरलेली लेणी, अंगणात दगडी हत्ती. याहून जुनं हत्तीघर मला कोण दाखवणार?

रविवारी सकाळी स्टँडवरून लालपरी पकडली. सोबत शबाना, शाळेपासूनची मैत्रीण. तिचं शिलाईचं दुकान आहे. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून वाचलेल्या पैशांची मांजरसुंब्याला गरमागरम भजी हाणली. केज येईपर्यंत नुसत्या खिदळत होतो. दोन-अडीच तास धरा. पुढे रिक्षा मिळते. रंगांचं आणि पिण्याचं पाणी वेगळ्या बाटल्यांत न्या. मी एकच नेली होती आणि निळं पाणी प्यायले.

हत्ती बघितले आणि आनंदाने मला काही सुचेना. केवढे ते! वही उघडली, तशी शबानाने हात पुढे केला.

"सुमे, आण इकडं ते खोडरबर."

"वेडी का गं तू?"

"मी गिऱ्हाईकासमोर कापडाला कात्री लावते. ते नाकाला नाक लावून उभं असतंय. मला कुठं हाय खोडरबर?"

तिने ते पर्समध्ये टाकून चेन लावली.

अर्धा तास हात सुसाट चालला. खांब, पायऱ्या, हत्तीची पाठ, पाय, झोकदार सोंड. आणि मागून आवाज आला.

"बाई, याला सोंड कावून लावली? मी लहान होतो तवापासून मोडलेली हाय!"

वळून बघते तर डोक्यावर सीताफळांची पाटी घेतलेले एक चाचा, आणि त्यांच्यामागे आठ-दहा माणसं. खरंच की! समोरच्या हत्तीला सोंडच नव्हती. सवयीने मीच लावली होती. कानशिलं तापली. वही मिटायला हात गेलासुद्धा. शबाना पर्स छातीशी धरून माझ्याकडे बघत होती.

"चाचा," मी एकदम म्हणाले, "तुम्ही जरा त्या सोंडेच्या जागी उभं राहता का?"

"मी? सोंडेच्या जागी?" सगळे खो खो हसले, आणि सगळ्यांत आधी चाचाच. पाटी सावरून ते ऐटीत उभे राहिले. माणूस मी कधीच काढला नव्हता! टोपी, चौकड्याचा शर्ट, हिरवीगार पाटी. "नाक जरा लहान घ्या बाई," एकजण ओरडला. "घेत नाही, जा!" मी ओरडले. हात मात्र थांबला नाही.

"आता नाव टाका की," चाचा म्हणाले. "कुणाचं हाय ते कसं कळावं?"

सगळ्यांदेखत सही केली. माझ्या चित्रावरची पहिलीच. चाचांनी दोन सीताफळं हातात ठेवली, आणि मला रडूच आलं.

घरी ह्यांनी चित्र दिव्याखाली धरलं. "अगं, या माणसाच्या शर्टातून सोंड दिसतेय!"

दिसतेच. पेन्सिलची रेघ आहे, रंगाखाली लपत नाही. मी तसंच भिंतीवर लावलं.

सोमवारी शबानाचा फोन. "खोडरबर माझ्याकडंच राहिलं, पाठवू का?"

"राहू दे, तुझ्या खडूच्या खुणा पूस. आणि पुढच्या रविवारी दुकान बंद ठेव. माझं सिंहघर अर्धं राहिलंय."