सुकेळ्यांपायी चुकलेलं विमान

विमान चुकलं ते माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या घरात ही गोष्ट मी सुरू केली की लेक अर्ध्यावर थांबवते आणि म्हणते, "बाबा, खरं सांग."

तर खरं ते असं. पन्नाशी ओलांडल्यावर मी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिल्या पंधरा दिवसांत विरारला चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमधले सगळे डबे मी उंचीप्रमाणे लावले, बायकोच्या फोडणीत दोनदा लक्ष घातलं, आणि तिसऱ्यांदा घालायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्ही कुठेतरी जा. खरंच जा. लांब जा."

मी ते मनावर घेतलं. लेक नऊ वर्षांची, उशिरा झालेली, म्हणून जरा जास्तच लाडाची. शाळेशी बोललो, वह्या-पुस्तकं बॅगेत भरली आणि आम्ही दोघं जवळजवळ तीन महिन्यांच्या भटकंतीला निघालो. बायकोची नोकरी मुंबईत, रजा मोजकी. ठरलं असं की अडीच महिने आम्ही दोघांनी पूर्वेकडे फिरायचं, मग तिला आठ दिवसांची रजा मिळणार होती, ते आठ दिवस तिघांनी अंदमानात काढायचे.

निघण्याआधी होळीला आईकडे जाऊन आलो. होळी हे वसईतलं आमचं गाव. तिथे आमची केळीची वाडी अजून आहे, भाऊ बघतो. आईने सुकेळ्यांचे पाच पुडे माझ्यापुढे ठेवले. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळक्या सोपटात घट्ट आवळून बांधायची, ती सुकेळी.

"कोनाकडं रिकाम्या हातानं जायचा नाय," आई म्हणाली. "आनि कोनी इचारलं तर नीट सांगायचा, कशी करतात ती."

हे शेवटचं वाक्य तिने मला सांगायला नको होतं.

चार पुडे वाटेत संपले. शिलाँगच्या घरमालकिणीला एक, ब्रह्मपुत्रेच्या काठी भेटलेल्या एका शिक्षकाला एक, असे. दर वेळी मी सुकेळी कशी करतात ते साद्यंत सांगायचो. लेक तेवढ्या वेळात गृहपाठ उरकायची.

तिच्या मनात मात्र सगळा वेळ एकच गोष्ट होती. गुवाहाटीला एके दिवशी केस विंचरून घेता घेता ती म्हणाली, "बाबा, आई मला रोज शाळेच्या बसवरून घ्यायला येते ना? या वेळी मी तिला घ्यायला जाणार. ती विमानतळातून बाहेर आली की पहिली मी दिसले पाहिजे. तू मागे उभा राहा."

"किती मागे?"

"खांब असेल तर खांबामागे."

म्हणून आम्ही अंदमानात बायकोच्या एक दिवस आधी पोहोचायचं ठरवलं. गुवाहाटीहून कोलकाता, तिथे विमान बदलायचं आणि पुढे अंदमान. मधे चांगले दोन तास होते. दोन तासांत माणूस काय काय करू शकतो!

कोलकात्याला पुन्हा तपासणी झाली. यंत्रातून माझी पिशवी गेली आणि तिथल्या बाईंनी ती बाजूला घेतली. आत दोऱ्यांनी करकचून बांधलेली, वाळक्या पानासारखी दिसणारी, दंडाएवढी वस्तू. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

एवढंच विचारलं. मी सांगितलं, वाळवलेली केळी. त्यांनी पुडा सोडवून पाहिला, वास घेतला, हसल्या आणि म्हणाल्या, "जा." त्या बाईंनी मला दोन मिनिटांत मोकळं केलं होतं. मीच मोकळा झालो नाही. माझ्यामागे उभे असलेले एक निवृत्त गृहस्थ "केळी? अशी?" म्हणाले आणि माझ्यातला वाडीवाला जागा झाला. आम्ही बाकावर बसलो. ऊन किती दिवस लागतं, संध्याकाळी दव पडायच्या आत केळी का उचलायची, साध्या केळ्याचं सुकेळं का होत नाही, सगळं झालं. त्यांनी एक खाल्लं, मीही खाल्लं. मग त्यांनी त्यांच्या गावच्या खजुराच्या गुळाचं सांगायला घेतलं. तेही ऐकणं भाग होतं.

"बाबा, आपलं विमान," लेक शर्ट ओढत होती.

"अगं, वेळ आहे."

"बाबा, ते काका कुठेच जाणार नाहीयेत. त्यांचं विमान संध्याकाळी आहे. मी विचारलं."

उठलो, तर पुडा परत बांधता येईना. आई दोन बोटांत बांधते. मी गुडघ्याखाली धरून, दातात दोरा धरून पाहिला. लेकीने शेवटी तो तसाच पिशवीत कोंबला आणि माझा हात धरून पळायला लागली.

गेटवर पोहोचलो तेव्हा काचेपलीकडे विमान दिसत होतं. उभं होतं, हललंही नव्हतं. जन्मभर विरारहून गाडी पकडलेला माणूस मी. गाडी सुटेपर्यंत ती आपली असते, हा आमचा हिशेब. गेटवरच्या मुलाला मी म्हणालोही, "ते बघा, उभंच आहे की!"

"सर, गेट बंद झालं."

"पण उभं आहे!"

"सर, बंद झालं."

लेक काचेला नाक लावून विमानाकडे बघत राहिली. मग रडू न येण्याची खबरदारी घेत म्हणाली, "आता आईला घ्यायला कोण जाणार?"

 मी तिचा हात धरला आणि काउंटरकडे वळलो.

काउंटरवर दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात दोन जागा मिळाल्या. बायकोला फोन लावला. अडीच महिन्यांत फोनवर मी एकही चूक कबूल केली नव्हती, हेही खरं तेच सांगतो. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं.

"कशामुळे चुकलं म्हणालात?"

"सुकेळ्यांमुळे."

"अहो, सुकेळी बोलायला लागली की काय तिथे? हिला फोन द्या."

लेक फोन घेऊन लांब जाऊन बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत हळू आवाजात बोलत होती. तक्रारीच असणार, आणि सगळ्या रास्त. मग ती एकदम उठली, माझ्या हातातलं नवं तिकीट ओढून घेतलं, फोनवर आईने पाठवलेलं तिकीट शेजारी धरलं आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचला.

"बाबा! आई पण इथेच विमान बदलणार आहे. हेच विमान! नंबर सेम आहे!"

बायकोचं तिकीट माझ्याच फोनमध्ये महिनाभर पडून होतं. मी ते उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने मला गेटवर इतक्या लवकर नेऊन बसवलं की तिथल्या खुर्च्या पुसणं चालू होतं. मला पाणी प्यायलाही एकट्याने जायची परवानगी नव्हती. "कोणाशी बोलशील," म्हणाली.

मुंबईचं विमान उशिरा येत होतं. पाटीवरची वेळ दोनदा बदलली. आमच्या विमानात माणसं चढायला लागली, रांग संपली, आणि बायकोचा पत्ता नाही. लेक गेटवरच्या बाईंपाशी जाऊन उभी राहिली. "माझी आई येतेय. ती चुकवत नाही. चुकवतो तो बाबा." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "त्यांचं विमान उतरलंय. पाच मिनिटं बघू."

लेकीने माझी दोन बोटं घट्ट धरली होती. अडीच महिन्यांत डोंगर, नद्या, तापाची एक रात्र, कशालाही ती अशी घाबरली नव्हती.

मग लांबच्या वळणावरून एक बाई पळत येताना दिसली. खांद्यावर बॅग, एक चप्पल पायात, एक हातात. माझी बायको लग्नाच्या दिवसापासून कधी पळालेली मी पाहिली नव्हती. उशीर झाला तर ती शांतपणे चालते आणि मला म्हणते, तुम्ही धावा.

"आई, धाव! गेट बंद होतं!" लेक ओरडली, आणि माझी बोटं सोडून स्वतःच उलट दिशेने, गेटपासून लांब, आईकडे धावत सुटली. मी "अगं, इकडे, इकडे!" ओरडत राहिलो. दोघी मधेच एकमेकींवर आदळल्या. बॅग खाली पडली. चप्पलही. गेटवरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग आपणहून दुसरीकडे बघितलं.

आल्या दोघी. बॅग लेकीच्या खांद्यावर, जमिनीला घासत. बायको धापा टाकत होती. मी तोंड उघडलं.

"अहो, आत्ता काही सांगू नका," ती म्हणाली. "आधी मला हिला नीट बघू द्या."

मी विमान उडेपर्यंत गप्प बसलो.