साखळीची पुढची काठी

दोन मुठी छातीपुढे धरायच्या आणि दोरी ताणावी तशा एकमेकींपासून दूर खेचायच्या, ही आमच्या कोचची खूण. सोबत ओरडणं ठरलेलं, "इंजिनिअर, घट्ट ओढ!"

इंजिनिअर म्हणजे मी. हेर्त्सोगेनआउराख या जर्मन गावात कोच आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. जर्मनीत अमेरिकन फुटबॉल खेळण्याचे पैसे नुकते कुठे मिळू लागले होते, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या खेळाडूंपैकी ते एक. "प्रेक्षक कोण? आमच्या बायका. त्याही ऊन असेल तरच," असं सांगायचे. गुडघा गेला तेव्हा कोच झाले आणि इथेच राहिले.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. अंतर मोजायला दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी असते, आणि ती धरायला यजमान क्लबचीच माणसं लागतात. कोचनी एकदा मला जिन्यात गाठलं आणि पुढची काठी माझ्या गळ्यात मारली.

"अहो, बाकीचे धावतात आणि तुम्ही नुसते काठी धरून उभे!" बायको म्हणाली. तिचं खोटं नव्हतं.

मी एकदा आमच्या पोरांसाठी टाळी वाजवली तर कोचनी डोळे वटारले. "तू आमचा नाहीस. तू साखळीचा." सामना संपल्यावर मात्र स्वतः रांगेत उभे राहून माझ्यासाठी सॉसेज आणायचे. मी मांस खात नाही हे कळल्यावर नुसता पाव आणि मोहरी आणू लागले.

मग तो सामना आला. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये आणि कोच घरी, हे त्यांना आधीच कळवलेलं होतं. अगदी शेवटी आमचा चौथा प्रयत्न झाला आणि पंचांनी मोजणी मागितली. चिखलात साखळी जराशी सैल पडली होती. चेंडू माझ्या काठीच्या बोटभर पुढे दिसला. आमची पोरं नाचायलाही लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "इंजिनिअर, घट्ट ओढ!"

मी ओढली. काठी चेंडूच्या पुढे गेली. चेंडू समोरच्यांना मिळाला, आणि सामनाही.

मला त्यांचा भयंकर राग आला. घरी येताना गाडीत म्हणालो, "कोच, गप्प बसला असतात तर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. नोकरी राहिली असती," ते म्हणाले, आणि मला हीटर वाढवायला सांगितलं.

उन्हाळ्यात ते मुलीकडे अमेरिकेला गेले. खालच्या बेलवर आता दुसरं नाव आहे. नवे कोच तरुण आहेत. मोजणीच्या वेळी ते डोळे मिटून घेतात, मला काही सांगत नाहीत.

परवा आमच्याच मोजणीला साखळी पुन्हा सैल होती. मी मागे वळून पाहिलं. जुने कोच उभे राहायचे तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. मी साखळी ओढली.