काकांनी माझ्या वतीने दिलेलं उत्तर

आधी वसंतकाकांचं नाव घेतो. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहतो. आठवीतून शाळा सोडलेला, केटररकडे पोळ्या लाटणारा माणूस — ना त्यांच्या नात्याचा, ना गावचा. मला धाप लागायला लागली तेव्हा हॉस्पिटलात त्यांनीच नेलं. पुढचं मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांना तर नाहीच.

डाव्या फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. नर्सने विचारलं, फोनवर मराठी दुभाषा देऊ का? मीच नको म्हणालो — काका आहेत ना! केवढा आधार वाटला होता तेव्हा.

मग डॉक्टरांचा प्रश्न आला. काकांनी तो मराठीत केला आणि स्वतःच हसले. "दारू पितोस का, विचारतायत. काय सांगू रे यांना? आमच्या गणपतीचा नैवेद्य याच्या हातचा असतो, हे सांगू?"

सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून, वर आवाज जाऊ नये म्हणून बाटली टॉवेलात गुंडाळून — हे वडिलांच्या वयाच्या माणसाच्या तोंडून डॉक्टरला सांगायचं? मी नाही म्हणून मान हलवली. कित्येक महिने पोट दुखत होतं, कळ पाठीपर्यंत जायची — तेही गिळलं. पोटाचं काढलं की पुन्हा दारूवर येतील, एवढी अक्कल होती.

म्हणून डॉक्टरांनी माझा खोकला धरला, मी कुठून आलो ते धरलं, आणि टीबीचा संशय घेतला. मला वेगळ्या खोलीत ठेवलं. त्या रविवारी काकांच्या नातीचं बारसं होतं. गेलेल्या काकूंचं नाव ठेवणार होते. सूनबाई म्हणाली, रिपोर्ट येईपर्यंत बाबा बाळाजवळ नकोत. तिचं काय चुकलं? काकांनी बारसं फोनवर पाहिलं — माझ्या खोलीबाहेर, खुर्चीत, मास्क लावून. मध्येच उठून काचेला फोन टेकवला. "बघ, बघ! आजीचं नाव ऐकून जांभई देतेय लबाड!"

मी आतून बाळाला हात हलवला.

पाठीतून सुईने काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला. टीबी नव्हताच. पोटातलं स्वादुपिंड सुजून त्याची नळी फुटली होती, आणि तो रस वर छातीत झिरपला होता. डॉक्टरांनी दारूचं पुन्हा विचारलं. या वेळी काकांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"नेव्हर," म्हणाले. "आय नो हिम."

त्यानंतर मी सोडली. पण सांगू कुणाला? जी कधी घेतच नव्हतो, ती सोडली म्हणून?

पुढच्या तपासणीलाही काका येणार आहेत. प्रश्न तोच असेल. ते बारसं मी त्यांना कुठून परत आणून देऊ? पण काका, कधीतरी तुमचे हे उपकार फेडीन — तुम्ही माझ्या वतीने बोलायच्या आत. 'येस' या एका शब्दापुरतं इंग्रजी मलाही येतं.