आत्यानं दिलेला शब्द

समाजमंदिरात पारधी बोलीचा वर्ग भरतो. तिथून आलेल्या नातीनं काल आमच्या बोलीत पाणी मागितलं, पण शब्द आमचा नव्हता. वर्गात माझ्या आत्याच्या आवाजातली तीच जुनी टेप ऐकवतात तर.

मी लहान असताना होटगीजवळ आमच्या पालांवर एक साहेब आमची बोली टेप करून घ्यायला आले होते. "आपली बोली ह्याला कशाला? उद्या पोलीस आपलं बोलणं ऐकत बसतील की," चुलीशी बसलेली आत्या पुटपुटली, आणि धुरात डोळे पुसत तिनं एकेक शब्द मनानंच रचून दिला. बायका पदराआड हसल्या. मलाही गंमत वाटली. आता आठवतं, निखारे सारता सारता ती सारखी वाटेकडे बघत होती.

"आजी, मग खरा शब्द कोणता?" नातीनं विचारलं.

सांगण्याआधी मी उठून दार लावलं.