घोंगडीची वाटी

आमच्या दुकानात ‘नाही’ म्हणायची चाल नव्हती. ढाणकीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान, आणि गादीवर मामाजी, म्हणजे माझे सासरे. गिऱ्हाइकानं मागितलेलं कापड नसलं तरी ते म्हणत, ‘‘येऊन राह्यलं. पुढच्या बाजारी या.’’ गादीवर बसून नाही म्हटलं की लक्ष्मी रुसते, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. गिऱ्हाईक आशेनं पायऱ्या उतरे आणि मामाजी समाधानानं पानाचा डबा उघडत.

आमचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, त्याच्या मागच्या-पुढच्या दिवसांतली ही गोष्ट. धंदा बसत चालला होता. यवतमाळचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, सांगून गेले की दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर दुकान बंद करून सगळे आमच्याकडे या. सगळ्यांत मीही आले, म्हणजे जन्मभर जावेच्या चुलीपुढे. तिथं मी एक उन्हाळा काढला होता. चिमूटभर मीठसुद्धा विचारून घ्यायचं. मला ते मंजूर नव्हतं, मुळीच नव्हतं.

दिवाळीचा माल मामाजी कसा ठरवत? मागच्या साली जे खपलं तेच यंदा. हिरवी लुगडी खपली, आणा हिरवी लुगडी. अहो, जे ठेवलं तेच खपणार ना! कोण काय मागून रिकाम्या हातानं गेलं, हे कुणाला ठाऊक? त्याला तर आपण गोड बोलून वाटेला लावलेलं.

दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पडदा होता. सुनेनं त्याच्या पलीकडे जायचं नाही, पण कानांना कोण अडवणार? पोळ्यापासून मी पडद्यामागे चार वाट्या मांडल्या. एक खाकी कापडाची, एक धोतरांची, अशा. पलीकडून ‘येऊन राह्यलं’ ऐकू आलं की त्या त्या वाटीत तुरीचा दाणा टाकायचा. नवऱ्यानं पाहिलं.

‘‘हा काय खेळ मांडून राह्यली वं?’’

‘‘दुकान राखून राह्यली,’’ मी म्हटलं.

दसऱ्यापर्यंत तीन वाट्यांची नुसती बुडं झाकली होती. चौथी काठोकाठ. ती लाल जाड कापडाची. तांड्यावरच्या बाया फेटियासाठी, म्हणजे त्यांच्या घेरदार घागऱ्यासाठी, ते मागत. कापसाची वेचणी झाली की त्यांच्या हाती पैसा येई, आणि तो आमच्या दारावरून उमरखेडला जाई.

नवऱ्याची बापापुढं जीभ उचलत नसे. मग मीच डोक्यावर पदर घेतला आणि चारी वाट्या मामाजींच्या ताटापुढं नेऊन ठेवल्या.

‘‘हे काय वं, सूनबाई?’’

‘‘ज्यायले तुमी येऊन राह्यलं म्हटलं, ते सारे लोक, मामाजी. हे भरली वाटी तांड्यावरच्या बायायची, लाल कापडाची.’’

ते भडकले. ‘‘कान लावून बसली व्हय माह्या गादीले? काहून?’’

‘‘मले यवतमाळले नाही जायचं, म्हणून.’’

त्यांनी भरल्या वाटीत बोट फिरवलं. ‘‘आता कुठं मागतेत त्या? मागच्या बाजारी एकीनंही नाही विचारलं.’’

‘‘विचारून थकल्या जी. अंगावर कापड तं लागतेच ना त्यायले?’’

मामाजींनी ताट सारलं. मग हात धुऊन ते नवऱ्याला म्हणाले, ‘‘उद्या जाय अमरावतीले. लुगडी राहू दे यंदा. लाल कापड आण.’’ माझ्याशी ते आठवडाभर बोलले नाहीत.

माल आला. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बाया आल्या आणि आमच्या दाराकडे न बघता पुढं निघाल्या. नवरा ‘‘आलं, आलं’’ म्हणत होता. त्यांच्यातली एक म्हातारी चालता चालताच म्हणाली, ‘‘तुमचं तं दर बाजारी येऊनच राह्यते.’’ बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

माझं डोकंच फिरलं. घरातला सगळा पैसा त्या थप्पीत अडकलेला. मी पडदा सारला, एक ठाण उचललं, मामाजींच्या समोरून थेट रस्त्यावर गेले आणि ते म्हातारीच्या हातात दिलं. ‘‘बोलणं जाऊ दे, माय. कापड पाह्य.’’

तिनं ते चोळलं, उन्हात धरलं, रंग सुटतो का म्हणून थुंकी लावून पाहिली. मग पुढं गेलेल्यांना हाक मारली. त्या दिवशी आमच्या पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मी परत पडद्यामागं जाऊन डोळे पुसत बसले.

भाऊबीजेला भासरे आले. दुकानात बसून चहा पिता पिता म्हणाले, ‘‘मंग, बाबा? बंद कवा करता?’’

तेवढ्यात एक शेतकरी पायरीवर आला. ‘‘घोंगडी हाये का, शेठ?’’

मामाजींनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पडद्यामागं मी हातातलं काम थांबवलं.

‘‘नाही, बाप्पा,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याकडं घोंगडी नाही.’’

मामाजी पडद्याकडे वळले.

‘‘सूनबाई, घोंगडीची एक वाटी मांड.’’