वर ठेवलेला ‘खाली’ डबा

आमच्या शेजारच्या टॅगकाकांनी एकदा आमच्या मांजराला टॅग लावला होता. पुठ्ठ्याचं चौकोनी कार्ड, भोकातून ओवलेला पांढरा दोरा आणि निळ्या शाईत ठसठशीत अक्षरं: ‘शेजारच्यांचे. दूध आमच्याकडे पिते, उंदीर कुणाकडेच पकडत नाही.’ टोमणा अर्थातच मला होता. मीही तो टॅग तीन दिवस काढला नाही. म्हटलं, फिरू दे आमच्या पिपलानी वसाहतभर. लोकांना कळू दे, ह्या माणसाला दुसरा उद्योग नाही ते.

त्यांचा जन्म गेला कारखान्याच्या स्टोअरमध्ये. आमचे हे त्याच कारखान्यात, म्हणून क्वार्टरं शेजारीशेजारी, आणि निवृत्तीनंतरही दोघांनी ती लीजवर धरून ठेवलेली. नोकरी सुटली पण टॅग सुटले नाहीत. ‘वहिनी, टॅग नसलेली वस्तू म्हणजे हरवलेलीच वस्तू. फक्त आपल्याला अजून कळलेलं नसतं,’ असं म्हणायचे. त्यांच्या छत्रीला टॅग, पाण्याच्या पंपाला टॅग, तुळशीच्या कुंडीलाही टॅग. काकू गेल्यापासून मी त्यांच्याकडे अधूनमधून भाजी पाठवायची. वाटी परत यायची ती टॅग लावून: ‘वांगी. मीठ कमी. तक्रार नाही, नोंद आहे.’ मला असा राग आला! पुढच्या वेळी दोन चमचे मीठ जास्त घातलं. वाटी आली: ‘नोंद मागे घेतली.’

दुसरं त्यांचं खूळ म्हणजे शुद्ध मराठी. मूळचे नागपूरचे, पन्नास वर्षं भोपाळात काढली, पण हिंदीला घराच्या पायरीवर चपलांशेजारी ठेवलेलं. आमचा निखिल आणि सून ऋचा दोघंही इथेच वाढलेली. ‘आई, जल्दी दे ना, उशीर होतोय,’ असं त्यांचं बोलणं. काका कळवळायचे. ‘वहिनी, तुमच्या पोरांचं मराठी इटारसीला गाडी बदलतं!’ मी म्हणायची, ‘आणि भाऊजी, तुम्ही जे ‘काहून, काहून’ करता ते कुठल्या शुद्ध मराठीत बसतं?’ त्यावर म्हणायचे, ‘ते नागपुरी आहे. त्याला शुद्धाशुद्ध लागत नाही.’

तर असे हे काका, आणि आमची नात मिनी त्यांची शेपूट. चार वर्षांची. त्यांच्याकडे बसून दोरे ओवायची आणि अखंड बोलायची. काका म्हणायचे, ‘ह्या पोरीला बंद करायचं बटण कंपनीनं दिलंच नाही.’

मग निखिलला जर्मनीत नोकरी लागली. छोटंसं गाव, नाव मला आजही नीट घेता येत नाही. निघायच्या आधी महिनाभर काका दर मंगळवारी-शुक्रवारी बस धरून भोपाळातच पार शिवाजी नगरला जायचे. का, तर म्हणे गुडघ्याला शेक घ्यायला. मी म्हटलं, शेक काय पिपलानीत मिळत नाही? तर म्हणाले, ‘तिथला शेक वेगळा आहे.’

सामान बांधायच्या दिवशी सकाळीच टॅगांचा गठ्ठा घेऊन हजर. स्वेटरांवर ‘वर’, भांड्यांवर ‘मध्ये’, लोणच्याच्या बरणीवर ‘मध्ये, आणि देवाच्या भरवशावर’. शेवटी घरून एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. त्यावर टॅग: ‘खाली’. तो स्वतःच्या हातांनी बॅगेत तळाला ठेवला. मला वाटलं चिवडा असेल.

पहिले दोन आठवडे गमतीत गेले. तिथे दार मागे आपोआप बंद होतं आणि किल्ली आत राहते. निखिल कचरा टाकायला गेला तो बनियनवर दोन तास जिन्यात उभा. कचऱ्याच्या पेट्या चार रंगांच्या, कुठला कचरा कुठे टाकायचा ह्यावर नवरा-बायकोचं भांडण. रविवारी आवाज करायचा नाही म्हणून ऋचा कुकर शनिवारीच लावून ठेवायची. मी हे सगळं काकांना रंगवून सांगायची. ते हसायचे आणि शेवटी विचारायचे, ‘पावती आली का काही?’ मला वाटायचं, विमानाच्या सामानाची पावती. मी म्हणायची, ‘आता कसली पावती, पोचलं ना सगळं!’ ते ‘बरं’ म्हणून उठायचे.

पण तिसऱ्या आठवड्यापासून ऋचाचा चेहरा उतरलेला दिसू लागला. मिनी बोलेना. बालवाडीत तर नाहीच, हळूहळू घरीसुद्धा नाही. काही हवं असलं की आईच्या कानात पुटपुटायची. फोनवर आम्हाला बघून नुसती हात हलवायची. तिथल्या बाई चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण त्याही काळजीनं विचारू लागल्या की ही घरी तरी बोलते का. सहाव्या आठवड्यात ऋचा म्हणाली, ‘आई, दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर आम्ही परत येतो. नोकरी काय, इथेही मिळेल.’

खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. येतील, घर भरेल. आणि मग माझी मलाच लाज वाटली. तिकडे लेकरू मुकं झालंय आणि मी इकडे गाद्या उन्हात घालायचा विचार करतेय!

संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी हातातला टॅग बाजूला ठेवला. मग म्हणाले, ‘पण डबा?’

‘कुठला डबा?’

‘माझा. टॅग लावलेला. लावा फोन सूनबाईला.’

हा माणूस एरवी फोनच्या चित्राशी बोलत नसे. ‘माणूस समोर हवा, नाहीतर पत्र हवं,’ म्हणायचा. त्या दिवशी माझ्या हातातून फोन घेऊन, तो कानाला लावून, ऋचाला आपला कान दाखवत ओरडू लागले.

‘सूनबाई, तो खाली डबा कुठाय?’

‘काका, खाली डबा ना? वर ठेवलाय.’

‘वर? खाली लिहिलंय ना मी?’

‘हो ना, खाली आहे म्हणूनच वर ठेवलाय. कपाटावर.’

‘अगं, खाली आहे तर वर काहून ठेवला?’

‘काका, खाली डबा खाली कशाला ठेवू? पायात येतो!’

मी मधे बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. माझ्याच डोक्यात आधी उजेड पडला. म्हटलं, ‘ऋचा, अगं त्या डब्यात काय आहे?’

‘काही नाही आई. खाली आहे. काकांनी लिहिलंय ना.’

काकांनी फोन कानावरून काढला, पहिल्यांदाच समोर धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘सूनबाई, रिकाम्याला मराठीत रिकामा म्हणतात.’

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला. ऋचानं डबा काढला, उघडला. वर काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा घट्ट कोंबलेला, म्हणून इतके दिवस काही वाजलं नव्हतं. आणि खाली टॅग. साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येकाला दोरा ओवलेला, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात एक जर्मन शब्द मराठी लिपीत, खाली त्याचा अर्थ. शिवाजी नगरात कसला शेक होता ते तेव्हा कळलं. तरुणपणी वर्षभर जर्मनीत राहून आलेले एक म्हातारे इंजिनिअर तिथे राहायचे. काका महिनाभर त्यांच्यापुढे वही घेऊन बसले होते.

ऋचा वाचत होती, हसत होती आणि नाक पुसत होती. ‘ट्यूर – दार. किल्ली घेतली का?’ ‘श्टूल – खुर्ची. आपल्या स्टुलाला ह्यांनी पाठ लावली आहे.’ ‘या – हो. कुणी या म्हटलं म्हणून आत शिरू नये, नुसतं हो म्हणताहेत.’ मिनी केव्हा येऊन उभी राहिली कुणाला कळलं नाही. तिनं दोऱ्याचं टोक धरलं. तो दोरा बहुधा तिनंच ओवलेला असावा. मग एक टॅग उचलून खुर्चीला बांधला.

दोन दिवसांत त्या घरातली एक वस्तू सुटली नाही. निखिलनं फोटो पाठवला तर त्याच्या चष्म्यालाही टॅग. आणि एक टॅग मिनीनं कोटाच्या गुंडीला बांधला, तो काही केल्या काढू देईना. त्यावर काकांनी लिहिलं होतं: ‘इश – मी. हे लाजायचं इश्श नव्हे. हे म्हणताना अजिबात लाजायचं नाही.’

तो टॅग घालून ती बालवाडीत गेली. बाईंनी वाकून बघितलं. आता त्यांना बिचाऱ्यांना आपली अक्षरं कुठून येणार? त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे काय? मिनीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग टॅगकडे. एवढ्या मोठ्या बाईला वाचता येत नाही म्हटल्यावर सांगणं भागच होतं. म्हणाली, ‘इश मिनी.’

त्या संध्याकाळी मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते पंपाचा टॅग बदलत होते. वर न बघता म्हणाले, ‘पावती आली म्हणायची.’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा माणूस सहा आठवडे कशाची वाट बघत होता. मी म्हटलं, ‘अहो भाऊजी, सरळ विचारायचं ना!’ म्हणाले, ‘माल चांगला असला की पावती आपण होऊन येते. मागायची नसते.’ आणि मग बराच वेळ त्या दोऱ्याला गाठ बसेना.

पुढच्या वर्षी काकांच्या लेकीनं त्यांना नागपूरला नेलं. गुडघे खरंच गेले होते. जाताना दाराला टॅग बांधला: ‘रिकामं.’ माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बघा, ह्यात आता कुणाचा घोटाळा होणार नाही.’ तीन महिन्यांनी तिकडून फोन आला, काका गेले म्हणून. भाजीत मीठ मी अजूनही जास्तच घालते.

ह्या उन्हाळ्यात मिनी आली. सहा वर्षांची. बोलणं पुन्हा अखंड, आता तीन भाषांत. मराठी अक्षरं त्या टॅगांवरूनच शिकलेली. काकांचं क्वार्टर अजून कुणाला मिळालेलं नाही. टॅग उन्हानं फिका झालाय, पण आहे. तिनं तो हातात धरून वाचला, ‘रि-का-मं.’ मी तिला जवळ घेऊन सांगायला लागले की बाळा, टॅगवाले आजोबा आता...

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘पण आजी, डब्यालाही सगळे रिकामाच म्हणत होते ना?’

आणि दारावर टकटक करून, मोठ्यानं म्हणाली, ‘इश मिनी!’

अजिबात लाजली नाही.